काचबिंदूची सूक्ष्म शस्त्रक्रिया व तिच्यामागचे उपद्रव

छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांस पाणचक्कीची नहर परिचित आहे. डोंगराकडील झऱ्याचें पाणी भूमीखालच्या खापरी नळांतून तेथें खेळविलें गेलें. नळांत गाळ बसला कीं प्रवाह अडणारच. डोळ्याचेंहि असेंच. त्यांत एक स्वच्छ द्रव सतत पाझरतो आणि बुबुळाच्या कडेजवळील सूक्ष्म जाळींतून बाहेर पडतो. जाळी तुंबली म्हणजे आंतील दाब वाढतो व दृष्टीची नस हळूहळू सुकते. हा काचबिंदु. त्यानें गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

पूर्वी डोळ्याच्या पांढऱ्या भागांतून द्रवास नवी वाट काढून देत. आजहि पुष्कळदा तेंच करावें लागतें. अलीकडे मात्र जेमतेम एक मिलिमीटर लांबीची नळी त्या जाळींतच बसवितां येते. अमेरिकेंत अशा नळीस २०१२ सालीं मान्यता मिळाली. मोतीबिंदु काढतांनाच हें काम उरकतें. म्हणून रोग्यास वाटतें, प्रकरण मिटलें.

तें तसें मिटत नाहीं. पहिले कांहीं दिवस डोळ्यांत रक्त उतरून धूसर दिसतें. तें बहुधा आपोआप निवळतें. कधीं दाब एकाएकीं चढतो, कधीं नळीचें तोंड बुजतें किंवा ती जागची हलते. ठणका, लाली वा दृष्टि अकस्मात् मंदावणें यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

याहून फसवा उपद्रव निराळा. ‘सायपास’ नांवाची, पांढऱ्या आवरणाखालीं द्रव नेणारी नळी २०१६ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. दोन वर्षांचे निष्कर्ष समाधानकारक होते. पांच वर्षांच्या तपासणींत मात्र पारदर्शक पटलाच्या आंतील पेशी अपेक्षेहून अधिक घटलेल्या आढळल्या, आणि ऑगस्ट २०१८ मध्यें कंपनीनें ती नळी बाजारांतून काढून घेतली. या पेशी पुन्हां उत्पन्न होत नाहींत. त्या घटूं लागल्याचें रोग्यास प्रारंभीं जाणवतहि नाहीं. यंत्रानें मोजल्यावांचून तें कळावें कसें?

कन्नड, सिल्लोड, पैठणकडून एस. टी. नें शहरांत येणारा रोगी पट्टी सुटली कीं पुन्हां फिरकत नाहीं, यांत नवल नाहीं; प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी कोणी मोजावी? तरी घरच्यांनीं नळीचें नांव, डोळा कोणता, तारीख व दाबाचा आंकडा यांची चिठ्ठी जपावी आणि एम. आर. आय. पूर्वीं ती दाखवावी. थेंब मात्र डॉक्टरांस विचारल्याखेरीज बंद करूं नयेत.