आधी परवानगी, मग रद्द!

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २७ ऑक्टोबर २०१६ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी नियम केला : ग्राहक कोणत्या साइटवर गेला, कोणतं अ‍ॅप वापरलं, नेमका कुठे आहे, ही माहिती जाहिरातींसाठी वापरायची तर इंटरनेट कंपनीने आधी त्याची स्पष्ट परवानगी घ्यायची.

कंपन्यांचा सवाल होता, गूगल-फेसबुकला हे बंधन नाही, मग आम्हालाच का? मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण फेसबुक टाळता येतं, घरात आलेली एकुलती एक केबल कशी टाळणार? पानावरचा मजकूर कूटबद्ध असला तरी साइटचं नाव कंपनीला सहसा दिसतंच. व्हेरायझन तर मोबाइल ग्राहकांच्या वेब-विनंत्यांना गुपचूप ओळखक्रमांक चिकटवत होती. मार्च २०१६ मध्ये १३.५ लाख डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटवलं.

नियम पुरते लागू होण्याआधीच सिनेटने ५०-४८ आणि प्रतिनिधिगृहाने २१५-२०५ मतांनी ते रद्द केले. ३ एप्रिल २०१७ रोजी ट्रम्प यांची सही झाली. यातली मेख अशी की, संसदेने नवा कायदा केल्याशिवाय कमिशनला तसेच नियम पुन्हा आणता येत नाहीत. मेन राज्याने मात्र २०१९ मध्ये स्वतःपुरता परवानगीचा कायदा करून घेतला.