जुलैच्या जपानला एकट्याने जाताना

जपानचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आपल्याकडे छत्र्या बाहेर निघतात तेव्हाचा. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण चेरीच्या फुलांसाठी एप्रिल धरतात. पण देवळांचे मोठे उत्सव, नदीकाठची आतषबाजी आणि थंड करून खायचे कितीतरी पदार्थ भर उन्हाळ्यातच असतात. संस्कृती आणि खाणं यांसाठीच जायचं असेल, तर माझ्या मते जुलैची अखेर निवडावी. तोक्योचा मोह टाळून क्योतो, कोयासान आणि ओसाका एवढाच टापू धरावा.

तारखा

होन्शू बेटाच्या या भागात जूनमध्ये लागलेला पाऊस साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ओसरतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचे दिवस येतात. तेव्हा सगळा देश गावी निघतो आणि गाड्या, हॉटेलं भरून जातात. मधले २० ते २८ जुलैचे दिवस सोयीचे. पारा ३५ अंशांच्या घरात असतो आणि हवा दमट, त्यामुळे हिंडणं सकाळी नऊ-दहापर्यंत आणि पुन्हा उन्हं कलल्यावर. दुपार वस्तुसंग्रहालयात नाहीतर खोलीवर काढावी.

गिओन उत्सवाची दुसरी मिरवणूक

क्योतोचा गिओन मात्सुरी जुलैभर चालतो. इ.स. ८६९ मध्ये आलेल्या साथींच्या वेळी देवांना शांत करण्यासाठी तो सुरू झाला, असं मानतात. १७ जुलैची रथांची मिरवणूक जगप्रसिद्ध आहे आणि तिला गर्दीही तशीच असते. २४ तारखेची मिरवणूक १९६६ पासून पहिलीत मिसळून टाकली होती, ती २०१४ पासून पुन्हा वेगळी निघते. एकट्या, नवख्या माणसाने हीच बघावी. रथ कमी, पण आदल्या दोन-तीन संध्याकाळी शिनमाची आणि मुरोमाचीच्या गल्ल्यांत कंदील लावून उभे केलेले ते रथ अगदी जवळून, निवांत पाहता येतात. गिओनच्या काही रथांवर पर्शिया आणि हिंदुस्थानातून गेलेले जुने गालिचे आजही मिरवतात. ते शोधून बघा.

२४ तारखेला सकाळी साडेआठच्या आधी कावारामाची-ओइके चौक गाठावा. या रथांची चाकं वळत नाहीत. मोठा रथ चौकात आला की चाकांखाली चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या अंथरतात आणि त्यांवर पाणी ओततात. रथावर पुढे उभे असलेले पंखेवाले हाळी देतात, दोर बाजूला ओढला जातो आणि काही टनांचं ते धूड करकरत थोडंसं सरकतं. पुन्हा बांबू, पुन्हा पाणी. तीन-चार खेपांत रथ काटकोनात फिरतो. त्याचा लाकडी सांगाडा खिळ्यांऐवजी गवती दोरांनी आवळलेला असतो. जहाजाच्या आकाराचा ओफुनेहोको १८६४ च्या आगीत जळाला होता, तो २०१४ मध्ये परतला. तो सगळ्यात शेवटी येतो, तोवर थांबाच.

दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला संध्याकाळी, ओसाकात तेनजिन मात्सुरीच्या शेकडाभर होड्या नदीतून जातात आणि वर आतषबाजी चालते. दोन्ही शहरांत रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर आहे.

खाणं

क्योतोत उन्हाळ्याचा मासा म्हणजे हामो. हा आपल्या वामाच्याच कुळातला. समुद्रापासून दूर असलेल्या क्योतोत पूर्वी उन्हाळ्यात जिवंत पोहोचणारा चिवट मासा हाच. याच्या अंगभर बारीक काटे असतात, म्हणून कातडी शाबूत ठेवून तीन सेंटिमीटरमध्ये चोवीसेक चिरा द्यायच्या, असा कसबी आचाऱ्याचा हिशोब आहे. उकळत्या पाण्यात बुडवला की तुकडा फुलासारखा उमलतो. मग तो बर्फात गार करून आंबट उमे फळाच्या चटणीबरोबर वाढतात.

एकट्याने जेवायला जपानइतकी सोय क्वचितच कुठे असेल. रामेन या शेवयांच्या बऱ्याच दुकानांत दाराशी यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी द्यायची आणि काउंटरवर बसायचं. एकटं जेवणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. इझाकाया म्हणजे पिण्या-खाण्याचा अड्डा; तिथे बसताच न मागितलेली छोटी वाटी आली, तर ते बसण्याचे पैसे समजावे आणि तक्रार करू नये. टिप कुठेच ठेवायची नाही. सोबा नावाच्या गार शेवया, काकिगोरी नावाचा बर्फाचा भुगा आणि भाजक्या सातूचा थंड चहा यांवर दुपार सहज निघते.

शाकाहारी असाल तर

खरी अडचण दाशीची आहे. हे पातळ सार सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं आणि मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे शिरतं. त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'मासे आणि माशाची दाशीही चालत नाही', असं जपानीत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवा.

यावर सगळ्यात सुंदर तोड कोयासानला मिळते. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेलं हे ठाणं साधारण आठशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवाही गार. इथल्या मठांत मुक्काम करता येतो. जेवण शोजिन पद्धतीचं, म्हणजे मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि शिताके अळंब्यांची. तिळाचा गोमादोफू मऊसूत असतो, तो सावकाश खा. रात्रीचं जेवण सहाच्या सुमारास आणि पहाटे मंत्रपाठ, तेव्हा दुपारीच पोहोचा. एकट्या पाहुण्याला घेतात का, हे नोंदणी करताना विचारून घ्या. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे आणि शेवटी केबल कार.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रावर व्हिसा आधीच काढावा लागतो. सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनचा झाला. एवढ्याशा टापूत तो वसूल होत नाही आणि नानकाईवर चालतही नाही. त्याऐवजी इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या. मोठी बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवा आणि मठात पाठपिशवीच न्या. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असतं, त्यांना जपानमध्ये बंदी आहे. औषधांचा डबा भरताना वेष्टन वाचा. २३ आणि २४ जुलैची क्योतोतली खोली मात्र सगळ्यात आधी, काही महिने अगोदर राखून ठेवा.