प्रवासी ट्रेलर व कर्षक वाहन

स्वतःचे एंजिन नसलेले, आत राहण्याची, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले आणि मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून नेण्यात येणारे चाकांवरील घर म्हणजे प्रवासी ट्रेलर होय. ब्रिटनमध्ये यास कॅरॅव्हॅन म्हणतात. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारगाडीस वा पिकअपसारख्या हलक्या मालमोटारीस कर्षक वाहन म्हणतात. ही दोन वाहने जोडली की, त्यांचा मिळून एकच वाहनसंच होतो. एकाचे वजन दुसऱ्याच्या चाकांवर येते आणि एकाची हालचाल दुसऱ्यास हलविते. त्यामुळे कर्षक वाहनाची क्षमता व ट्रेलरचे वजन यांचा मेळ घालणे ही केवळ एंजिनाच्या शक्तीची बाब नसून प्रवाशांच्या सुरक्षिततेची बाब आहे. ही क्षमता एका आकड्याने सांगता येत नाही. तिला अनेक मर्यादा असतात आणि त्यांपैकी जी सर्वांत आधी गाठली जाते, तीच त्या प्रवासापुरती खरी क्षमता ठरते.

इतिहास : हौसेच्या प्रवासासाठी चाकांवरील घर वापरण्याची प्रथा ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. निवृत्त नौदल वैद्य व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ हे घोड्यांनी ओढावयाचे घर बांधवून घेतले व त्यातून देशभर प्रवास केला. १९०७ मध्ये तेथे कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना झाली. मोटारगाडीने ओढावयाच्या कॅरॅव्हॅनांचे उत्पादन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास सुरू झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२०–४० या काळात प्रवासी ट्रेलरांचा प्रसार झाला. १९३६ मध्ये एअरस्ट्रीम कंपनीने ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा गोलसर आकाराचा ‘क्लिपर’ हा ट्रेलर बाजारात आणला. पुढे ट्रेलरांत स्नानगृह, शीतकपाट, पाण्याच्या टाक्या इ. सोयी येत गेल्या, त्यांचे वजन वाढले व कर्षक वाहनाच्या निवडीचा प्रश्न अधिक काटेकोरपणे सोडविणे आवश्यक झाले.

वजनाच्या मर्यादा : कर्षक वाहनाच्या बाबतीत पुढील मर्यादा विचारात घ्याव्या लागतात : (१) वाहनाचे माणसे व सामान यांसह कमाल एकूण वजन, (२) पुढील व मागील आसांवर येणारा कमाल भार, (३) कर्षक वाहन व ट्रेलर यांचे मिळून कमाल संयुक्त वजन, (४) ओढता येणाऱ्या ट्रेलरचे कमाल वजन, (५) जोडणीचा सांगाडा, तिचा गोलक व टायर यांची भार पेलण्याची क्षमता. यांपैकी पहिल्या मर्यादेतून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले म्हणजे भारक्षमता मिळते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वाहनांवर हा आकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. विक्रीच्या जाहिरातींत मात्र ठळकपणे दिसतो तो चौथा आकडा. वास्तविक अनेक कुटुंबांच्या बाबतीत त्याआधी भारक्षमताच संपते.

ट्रेलरच्या बाबतीत कारखान्यातून निघतानाचे कोरडे वजन आणि प्रवासास निघतानाचे भरलेले वजन यांत मोठा फरक असतो. कोरड्या वजनात पाणी, कपडे, भांडी, अन्न व अंथरुणे धरलेली नसतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किग्रॅ. असते, त्यामुळे १५० लिटरांची टाकी भरताच तेवढेच किलोग्रॅम वाढतात. कोरड्या वजनावरून वाहनाची निवड करणे ही सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हिशोब नेहमी भरलेल्या वजनावर किंवा ते ज्ञात नसल्यास ट्रेलरवर नमूद केलेल्या कमाल अनुज्ञेय वजनावर करावा.

जोडभार : ट्रेलरचा पुढील दांडा कर्षक वाहनाच्या मागील गोलकावर टेकलेला असतो. या ठिकाणी खाली दाबणाऱ्या भारास येथे जोडभार म्हटले आहे. अमेरिकी पद्धतीत तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५% ठेवतात. ब्रिटनमध्ये तो सु. ५ ते ७% ठेवण्याची शिफारस केली जाते. बैलगाडी हाकणाऱ्यास यामागील तत्त्व चांगले परिचित असते. माल पुढच्या बाजूस अधिक भरल्यास गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर ओझे येते. मागे अधिक भरल्यास ती उलाळ होऊन जू वर उचलले जाते. ट्रेलरच्या बाबतीत धुरजडपणाने कर्षक वाहनाची मागील बाजू दबते आणि उलाळपणाने ट्रेलर हेलकावे खाऊ लागतो. यास्तव जड सामान ट्रेलरच्या आसांजवळ, तळाशी व दोन्ही बाजूंस समतोल राहील असे ठेवावे.

गोलक हा मागील आसाच्याही मागे असल्याने जोडभार तरफेप्रमाणे कार्य करतो. उदा., दोन आसांमधील अंतर ३·५ मी. असलेल्या वाहनात गोलक मागील आसाच्या १·३ मी. मागे असेल व जोडभार ३५० किग्रॅ. असेल, तर पुढील आसावरील भार १३० किग्रॅ. ने कमी होतो आणि मागील आसावरील भार ४८० किग्रॅ. ने वाढतो. परिणामी सुकाणूची चाके हलकी होतात, त्यांची रस्त्यावरील पकड घटते व पुढील दिव्यांचा झोत वर जातो. यावर उपाय म्हणून अमेरिकेत भारवितरक जोडणी वापरतात. तिच्यातील स्प्रिंगदांड्यांमुळे काही भार पुढील आसाकडे व काही ट्रेलरच्या आसाकडे परत जातो. मात्र अशा जोडणीमुळे निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादा वाढत नाहीत.

उदाहरण : एका पिकअपचे रिकामे वजन २,४०० किग्रॅ., कमाल एकूण वजन ३,२०० किग्रॅ., कमाल संयुक्त वजन ६,६०० किग्रॅ. व जाहीर केलेली ओढण्याची क्षमता ४,००० किग्रॅ. आहे, असे समजू. तिची भारक्षमता ८०० किग्रॅ. झाली. चार माणसांचे ३००, सामानाचे १०० व जोडणीच्या साहित्याचे ४० मिळून ४४० किग्रॅ. वजा जाता ३६० किग्रॅ. उरतात. जोडभार ट्रेलरच्या वजनाच्या १२·५% धरल्यास हे कुटुंब जास्तीत जास्त २,८८० किग्रॅ. वजनाचा भरलेला ट्रेलर ओढू शकेल. जाहिरातीवर विसंबून त्याने ४,००० किग्रॅ. चा ट्रेलर जोडला, तर जोडभार ५०० किग्रॅ. होऊन भारक्षमता १४० किग्रॅ. ने ओलांडली जाईल. संयुक्त वजनही ६,८४० किग्रॅ. होऊन मर्यादेबाहेर जाईल. एंजिन हा ट्रेलर ओढीलही, परंतु मागील स्प्रिंगा, टायर व ब्रेक यांच्यावर त्यांच्या क्षमतेपेक्षा अधिक ताण पडेल. या कुटुंबाने कोरडे वजन २,३०० किग्रॅ. असलेला ट्रेलर घेतला व त्यात पाणी, वायूच्या टाक्या, विद्युत् घट आणि घरगुती सामान मिळून ५०० किग्रॅ. भरले, तर एकूण वजन २,८०० किग्रॅ. होते. जोडभार ३५० किग्रॅ. येतो आणि भारक्षमतेपैकी केवळ १० किग्रॅ. शिल्लक राहतात. हा मेळ नियमात बसणारा असला, तरी काठावरचा आहे. म्हणून प्रत्येक मर्यादेच्या आत काही राखीव वाव ठेवणे इष्ट असते.

एंजिन व चढ : वरील २,८०० किग्रॅ. चा ट्रेलर जोडलेल्या संचाचे एकूण वजन ५,६४० किग्रॅ. होते. तो ६% चढावरून ताशी ८० किमी. वेगाने नेण्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. ७४, चाकांच्या लोटन घर्षणासाठी सु. १५ व हवेच्या विरोधासाठी सु. २८ मिळून सु. ११७ किलोवॉट म्हणजे सु. १५७ अश्वशक्ती चाकांपर्यंत पोहोचावी लागते. सपाट रस्त्यावर याच वेगास सु. ४३ किलोवॉट पुरतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात व त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग ८० वरून १०० किमी. वर नेल्यास त्या बाबीसाठी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. ट्रेलरची समोरील बाजू उंच व सपाट असल्यास हा परिणाम विशेष जाणवतो. म्हणजे वजनाइतकाच आकारही महत्त्वाचा ठरतो.

उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बोभारक नसलेल्या एंजिनाची शक्ती दर ३०० मी. ला सु. ३% घटते. कोलोरॅडो राज्यातील आयझनहॉवर बोगदा सु. ३,४०० मी. उंचीवर आहे, तेथे अशा एंजिनाची सु. एक तृतीयांश शक्ती कमी झालेली असते. विद्युत् मोटारगाड्यांस ही अडचण येत नाही व त्यांचा टॉर्कही भरपूर असतो. परंतु मोठा ट्रेलर ओढताना एका विद्युत् भारणात कापता येणारे अंतर सु. निम्म्यापर्यंत घटू शकते.

पूर्वी प्रत्येक निर्माता ओढण्याची क्षमता स्वतःच्या पद्धतीने ठरवीत असे. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करणे कठीण होते. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यानुसार ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सु. १८ किमी. लांबीच्या चढावर, किमान ३८° से. तापमानात व वातानुकूलन यंत्र पूर्ण चालू ठेवून सामान्य वाहनाने ताशी किमान ६४ किमी. वेग राखावा लागतो. तसेच १२% चढावर थांबलेल्या स्थितीतून पाच मिनिटांत पाच वेळा पुढे व तितक्याच वेळा मागे जाण्याची चाचणी असते. या प्रमाणात वाहनात प्रत्येकी सु. ६८ किग्रॅ. वजनाच्या दोनच व्यक्ती धरलेल्या असतात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. चौघांच्या कुटुंबास तो आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही.

उतार व ब्रेक : चढावर कमी पडलेली शक्ती वेग घटवून भरून काढता येते, उतारावर कमी पडलेले ब्रेक कशानेही भरून काढता येत नाहीत. वरील संच ३०० मी. खाली उतरताना सु. १६६ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने ५० लिटर पाणी २०° से. पासून उकळबिंदूपर्यंत तापविता येईल. ही सर्व उष्णता ब्रेकांवर सोडल्यास ते तापून निष्प्रभ होतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालून एंजिनाच्या रोधाचा उपयोग करतात. जड ट्रेलरास स्वतःचे ब्रेक असणे अनिवार्य आहे. ब्रिटनमध्ये ७५० किग्रॅ. पेक्षा अधिक कमाल वजनाच्या ट्रेलरास ते कायद्याने आवश्यक आहेत. युरोपात बहुधा ट्रेलर पुढे रेटला गेल्याने कार्य करणारे यांत्रिक ब्रेक, तर अमेरिकेत चालकाच्या जागेवरून नियंत्रित होणारे विद्युत् ब्रेक वापरतात.

हेलकावे : वाऱ्याचा झोत, शेजारून जाणारी मोठी मालमोटार किंवा सुकाणूची अचानक हालचाल यांमुळे ट्रेलर गोलकाभोवती डावी-उजवीकडे डोलू लागतो. कमी वेगास हे डोलणे आपोआप शमते. परंतु एका विशिष्ट वेगापलीकडे ते प्रत्येक फेरीस वाढत जाऊन कर्षक वाहनासही रस्त्याबाहेर खेचू शकते. जोडभार कमी असणे, जड सामान ट्रेलरच्या टोकांस असणे, कर्षक वाहन हलके व आखूड असणे आणि वेग अधिक असणे ही याची प्रमुख कारणे होत. अशा वेळी सुकाणू उलटसुलट फिरविणे व जोराने ब्रेक लावणे धोक्याचे असते. पाय प्रवेगकावरून काढून सुकाणू सरळ धरावे व सोय असल्यास केवळ ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावावेत.

याच कारणास्तव ब्रिटनमध्ये नवख्या चालकांनी कॅरॅव्हॅनचे भरलेले वजन मोटारगाडीच्या वजनाच्या ८५% पेक्षा अधिक होऊ देऊ नये, असा संकेत आहे. हा कायदा नसून सल्ला आहे. तेथे ट्रेलर ओढणाऱ्या मोटारगाडीस द्रुतमार्गावरही ताशी ९६ किमी. (६० मैल) ही वेगमर्यादा आहे. अमेरिकेत कर्षक वाहनापेक्षा जड ट्रेलर सर्रास ओढले जातात. तेथे अधिक जोडभार, मजबूत सांगाड्याची वाहने व भारवितरक जोडणी यांवर भर दिला जातो.

प्रत्यक्ष वजन : सर्व हिशोबांची खातरजमा वजनकाट्यावरच होते. प्रथम माणसे व सामान यांसह केवळ कर्षक वाहनाचे वजन करावे. नंतर भारवितरक दांडे न ताणता ट्रेलर जोडून वाहनाच्या व ट्रेलरच्या आसांवरील भार स्वतंत्रपणे पाहावेत. दुसऱ्या वेळी कर्षक वाहनाच्या आसांवर जो भार वाढलेला दिसेल तोच जोडभार होय. तो ट्रेलरच्या आसांवरील भारात मिळविला की, ट्रेलरचे पूर्ण वजन मिळते. शेवटी दांडे ताणून आसांवरील भार पुन्हा पाहिल्यास भाराची नवी वाटणी कळते.

भारत : भारतात ओढावयाच्या प्रवासी ट्रेलरांचा प्रसार फारसा झालेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले; तथापि कॅरॅव्हॅन म्हणून येथे मुख्यतः स्वतःचे एंजिन असलेली वाहनेच दिसतात. वाहनसंचाचे यांत्रिक नियम मात्र येथेही परिचयाचे आहेत. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात एकाच ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर त्या सहज ओढतो. परंतु ट्रॉल्यांस स्वतंत्र ब्रेक नसतील, तर उतारावर त्याच ट्रॅक्टरास ढकलू लागतात. वाहन किती ओढू शकते यापेक्षा ते किती आवरू शकते, हा प्रश्न सहलीच्या ट्रेलराइतकाच उसाच्या ट्रॉलीसही लागू आहे.