चटणीचे चार दिवस

जोतिबाची चैत्र यात्रा झाली, सासनकाठ्या आपापल्या गावी परतल्या, की कोल्हापूरच्या पेठांमधल्या गच्च्या लाल व्हायला लागतात. जुन्या साड्या नि चादरी अंथरून त्यांवर मिरच्या पसरलेल्या असतात. त्या दिवसांत गल्लीतून जाताना ठसका लागला तर कुणी कारण विचारत नाही. कुणाच्या तरी घरी चटणी चाललेली असते.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिकडं चटणी म्हणजे ओल्या खोबऱ्याची, पाट्यावर वाटलेली, त्याच दिवशी संपणारी. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले. पहिल्याच आठवड्यात आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, "आमटीत चटणी घाल गं दोन चमचं," असं सांगितलं तेव्हा मी वाटीतली चटणी शोधत राहिले. त्यांनी फडताळातली चिनी मातीची बरणी काढून पुढं केली. इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं वर्षाचं तिखट. तांबडा रस्सा, मिसळीचा कट, भरलं वांगं, अख्खा मसूर, साधं पिठलं, सगळ्यांच्या मुळाशी ही एक बरणी असते. ती रिकामी झाली तर घरात सगळं सामान असूनही स्वयंपाक अडतो.

आपल्या भाषेत 'चटणी-भाकरी' म्हणजे कमीत कमी जेवण. 'चटणी-भाकरी खाऊन दिवस काढले' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात गरिबी असते, कष्ट असतात, थोडा अभिमानही असतो. गेली २२ वर्षं मी या घरात दर उन्हाळ्याला चटणी करते आहे आणि त्या शब्दाकडं आता निराळ्या नजरेनं बघते. जेवणातला सगळ्यात साधा म्हणून आपण जो पदार्थ सांगतो, त्यामागं चार दिवसांचं काम आणि वीसेक जिन्नस असतात.

पहिला दिवस बाजाराचा. लक्ष्मीपुरीत मिरचीच्या दुकानांपुढं पोती उघडी करून ठेवलेली असतात. आम्ही तीन प्रकारच्या मिरच्या घेतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झटक्याला. ब्याडगी येते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावानं. तिचं साल सुरकुतलेलं असतं, रंग गर्द आणि तिखटपणा बेताचा. २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. संकेश्वर त्यामानानं घरचंच, महामार्गावर निपाणीच्या पुढं. तिथली जवारी मिरची लांबसडक, पातळ आणि भावाला चढी. पण ती नसेल तर चटणीला चव येत नाही, असं आत्तींचं ठाम मत आहे.

मिरची कशी बघायची हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. "डोळ्यांनी रंग दिसतोय. वाळलीया का न्हाई ते कानानं बघायचं." मिरची कानाजवळ धरून हलवायची. आतलं बी खुळखुळलं तर ती वाळलेली. मग एक मोडून बघायची. बी सोनेरी पिवळं हवं, काळपट नको. देठ धरून वास घ्यायचा, त्यात कुबट काही नको. एवढं झाल्यावर मगच भाव विचारायचा.

आमच्या घरचं प्रमाण ठरलेलं आहे. ब्याडगी १ किलो, संकेश्वरी पाऊण किलो, लवंगी पाव किलो. या २ किलो मिरचीला कांदा १ किलो, लसूण, सुकं खोबरं, धणे आणि खडे मीठ प्रत्येकी अर्धा किलो, तीळ पाव किलो, जिरं आणि खसखस १०० ग्रॅम, आलं, कोथिंबीर आणि खडा मसाला. शेजारच्या घरी हे प्रमाण वेगळं असतं, पलीकडच्या गल्लीत आणखी वेगळं. म्हणूनच एका पेठेत दोन घरांची आमटी सारखी लागत नाही.

दुसरा दिवस उन्हाचा आणि हातांचा. मिरच्या गच्चीवर पसरायच्या, कांदा पातळ चिरून दुसऱ्या कापडावर, कोथिंबीर धुऊन सावलीत. मग मिरच्यांची देठं खुडत बसायचं. बसण्याआधी हातांना तेल चोळायचं, कारण तासाभरानं बोटं पोळायला लागतात आणि पाण्यानं कितीही धुतली तरी आग जात नाही. मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तो असतोही बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात.

या आगीचं कोडं अगदी अलीकडं सुटलं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं १९९७ साली शरीरातला तो ग्राहक शोधून काढला ज्याला कॅप्सेसिन जाऊन चिकटतं. सुमारे ४३ अंशांवरची उष्णता जाणवून देणारा ग्राहकही तोच. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. म्हणजे तिखट लागलं की मेंदूला खरोखरच भाजल्याची वर्दी जाते. आपण 'तिखटानं तोंड पोळलं' म्हणतो ते शब्दशः बरोबर आहे. आणि मिरची काही आपली मूळची नव्हे. पोर्तुगिजांबरोबर ती सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून गोव्यात उतरली. त्याआधी आपल्याकडं तिखटाला मिरी, पिंपळी आणि आलं होतं. मिरीवरूनच तिला मिरची हे नाव मिळालं. देठं खुडताना मला याचं दर वर्षी नवल वाटतं. इतक्या लांबून आलेली ही वस्तू आज कोल्हापूरची ओळख सांगते.

या दिवसांत सगळ्यांचं एक लक्ष आभाळाकडं असतं. दुपारनंतर ढग दाटून आले की वळीव केव्हा कोसळेल सांगता येत नाही. गच्चीवरून कुणीतरी ओरडतं, "मिरच्याऽ! मिरच्या काढा!" आणि सगळी गल्ली जिने चढायला लागते. अशा वेळी आपली चादर कुठली आणि दुसऱ्याची कुठली हे बघायला कुणी थांबत नाही. हाताला लागेल ती चारी टोकं धरून जिन्यात आणायची. एका वर्षी आम्ही बाहेरगावी होतो आणि वळीव आला. परतलो तेव्हा आमच्या मिरच्या समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात पंख्याखाली कोरड्या पसरलेल्या होत्या.

तिसरा दिवस भाजणीचा. घरामागं थोडं परडं आहे, तिथं तीन दगडांची चूल मांडतो. घरात भाजलं तर ठसक्यानं कुणी बसू शकत नाही. मोठी लोखंडी कढई, बाजूला शेंगतेलाचं भांडं आणि जिन्नस वेगवेगळ्या ताटल्यांत. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. तीळ तडतडले की झाले. खसखस डोळ्यांसमोर जळते. धणे जरा वेळ घेतात. खोबरं कडेनं सोनेरी झालं की लगेच उतरायचं, कारण तापल्या कढईत ते उतरल्यावरही भाजत राहतं. मग लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलदोडा, चक्रीफूल, जायपत्री, तमालपत्र. दगडफूल हातात घेतलं तर वाळक्या पाल्यासारखं. ते फूल नव्हेच, बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधारानं दगडावर नि झाडाच्या सालीवर वाढतात, ते हे. पण गरम तेलात पडलं की पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास सुटतो.

सगळ्यात अवघड कांदा. उन्हात आकसलेला कांदा तेलात टाकून मंद आचेवर परतत राहायचं. आधी तो मऊ होतो, मग गुलाबी, मग तपकिरी, आणि शेवटी कढईत कुरकुर वाजायला लागतो. एका वर्षी मी घाई केली. कांदा तपकिरी दिसला म्हणून उतरवला, आत ओल राहिली होती. श्रावणात बरणी उघडली तर वरच्या थरावर बुरशी. जवळजवळ अर्धी बरणी टाकून द्यावी लागली. आत्ती एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी कांदा परतताना त्या माझ्याशेजारी पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डोळ्यांनी भाजायचं न्हाई. नाकानं भाजायचं. वास बदलला की उतरायचं."

वास बदलणं म्हणजे काय हे सांगता येत नाही, त्यासाठी कढईशेजारी बसावं लागतं. कच्च्या धण्याला गवतासारखा वास असतो. मग एक क्षण असा येतो की तो गोडसर होतो. त्यानंतर थोडा वेळ असतो, फार नाही. तो चुकला की वासात कडूपणा शिरतो आणि सगळी चटणी कडवट होते. मोबाइलवर वेळ लावून हे जमत नाही, कारण आच रोज वेगळी, जिन्नस दर वर्षी वेगळा.

आत्तींनी आता ऐंशी ओलांडली आहे. कढई उचलणं त्यांना होत नाही. परड्याच्या दारात उंबऱ्यावर बसून त्या भाजणी ऐकतात आणि हुंगतात. बसल्या जागेवरून सांगतात, "उतर." इतकी वर्षं मी त्या शब्दाची वाट बघत आले. यंदा तीळ मी त्यांच्या सांगण्याआधी उतरवले. मागं वळून बघितलं. त्या लसूण सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "धणे घे आता."

चौथा दिवस डंकाचा. डंक म्हणजे कुटायचं यंत्र. मोटरीवर फिरणारा दांडा जड मुसळं एकामागून एक उचलतो नि सोडून देतो, ती खालच्या लोखंडी उखळांत पडतात. धप्, धप्, धप्. रस्त्याच्या कोपऱ्यावरूनच जमिनीतून तो ठोका पायाला जाणवतो. सीझनमध्ये सकाळी सातला गेलं तरी आधी दहा डबे रांगेत असतात. सगळ्याजणी नाकातोंडाला ओढणी नाहीतर पदर गुंडाळून बाकावर बसलेल्या. डबा सोडून कुणी जात नाही. आपल्या चटणीला दुसऱ्याची चटणी लागू नये, एवढी राखण सगळ्याच करतात.

आधी मिरची आणि खडे मीठ उखळात जातं. मग चाळण. वर राहिलेलं जाडंभरडं परत उखळात. मग कोरडा मसाला. शेवटी खोबरं, कांदा, कच्चा लसूण, आलं, कोथिंबीर, आणि मग सगळं एकत्र. कांदा-लसूण पडला की भुकटीचा आवाज बदलतो. कोरडा ठोका जाऊन जड, ओलसर ठोका येतो आणि लाल भुकटीचा रंग काळसर, तेलकट होतो. घरी मिक्सर असताना इथवर कशाला यायचं, असं माझ्या लेकीनं एकदा विचारलं होतं. मिक्सरचं पातं गरगर फिरतं, जिन्नस तापतो आणि मसाल्यातलं सुगंधी तेल उडून जातं. मुसळ दाबतं, चेचतं, त्यात जिन्नस कमी तापतो आणि कांदा-लसणातला रस नि खोबऱ्याचं तेल मिरचीत मुरत जातं. तिला मी हे सगळं सांगितलं नाही. उखळातून काढलेली चिमूटभर कोमट चटणी तिच्या तळहातावर ठेवली.

रांगेत बसल्या बसल्या बोलणी चालतात. "तीळ किती घातलासा?" "यंदा लवंगी बेतानंच, पोरास्नी सोसत न्हाई." इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. सुरुवातीला ते ऐकून मला चमकायला व्हायचं, आता कानाला गोड वाटतं. एका वर्षी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी त्यांच्या डब्यातली चिमूट मला दिली, मी त्यांना आमच्यातली दिली. दोघींनी चव बघितली, माना डोलावल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही, पण त्यांच्या चटणीतला जिऱ्याचा वास अजून लक्षात आहे.

घरी आल्यावर चटणी परातीत पसरून थंड करायची. गरम भरली तर बरणीला आतून घाम सुटतो. बरण्या आधीच धुऊन उन्हात वाळवलेल्या असतात. तळाशी हिंगाचा खडा, मग चटणी दाबून दाबून, वर पुन्हा हिंगाचा खडा, तोंडावर दादरा. एक छोटी बरणी पुण्यात शिकणाऱ्या लेकीसाठी, एक वाटी समोरच्या काकूंसाठी, एक डबी रत्नागिरीला आईसाठी. माझी आई आता माशाच्या आमटीतही ही चटणी घालते.

एवढं झालं की त्या दिवशी रात्री स्वयंपाक नसतो. चुलीवर फक्त भात. परातीच्या तळाला आणि कडांना चटणी चिकटून राहिलेली असते, कांद्याचा नि खोबऱ्याचा तेलकट थर. त्यात वाफाळता भात ओतायचा, वर शेंगतेलाची धार. आत्ती हातानं कालवतात. हे काम त्या अजून कुणाला देत नाहीत. भाताचा पांढरा रंग हळूहळू तांबूस होतो आणि चार दिवसांचे सगळे वास, उन्हाचा, कढईचा, डंकाचा, त्या वाफेबरोबर वर येतात. ताटं घ्यायची नाहीत. आम्ही सगळे परातीभोवती बसतो आणि जो तो आपल्या बाजूनं खात आत येतो.

डोळ्यांत पाणी येतं, नाक गळतं, कुणी बोलत नाही. शेवटचा घास आत्ती परातीच्या कडेकडेनं फिरवून पुसून घेतात आणि माझ्या हातावर ठेवतात.