केसांच्या बटेची साक्ष

आपल्याकडे केस जपून ठेवण्याची चाल फारशी नाही. मुलाचे जावळ काढले की ते देवाला वाहावे किंवा नदीत सोडावे, आणि विंचरताना गळलेले केस तर घरात दिसूही नयेत, अशी आपली शिकवण. म्हणून युरोपात गेलेल्या माणसाच्या केसांची बट लॉकेटात काचेखाली जपून ठेवीत, हे ऐकून श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. पण छायाचित्रकला निघण्यापूर्वी माणसाची प्रत्यक्ष खूण म्हणून मागे राहण्यासारखे दुसरे होते तरी काय? देह विरून जातो; केस शतकानुशतके टिकतात.

थोर संगीतकार बीथोव्हेन २६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्ना येथे निधन पावला. दुसऱ्या दिवशी फर्डिनांड हिलर या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याच्या मस्तकावरील बट कापून घेतली, असे सांगत. ती बट १९९४ मध्ये लंडनला लिलावात विकली गेली. तपासणीत तीत शिसे आढळले आणि बीथोव्हेनला शिशाची विषबाधा झाली होती, ही गोष्ट जगभर पसरली. पुढे २०२३ मध्ये संशोधकांनी त्याच्या म्हणून जपलेल्या आठ बटांतील आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, तपासले. पाच बटा एकाच पुरुषाच्या निघाल्या. हिलरची म्हणविली जाणारी बट मात्र एका स्त्रीची होती! मुलाने लबाडी केली असे मला म्हणवत नाही. मधल्या काळात कोठेतरी अदलाबदल झाली असावी. मौज अशी की पुढे २०२४ मध्ये खऱ्या बटांतही पुष्कळ शिसे सापडले, पण त्यानेच मृत्यू ओढवला असे काही ठरले नाही.

या पाचांतील एका बटेची कथा गमतीची आहे. १८२६ मध्ये हाल्म नावाच्या पियानोवादकाच्या पत्नीने बीथोव्हेनकडे केस मागितले, तेव्हा थट्टेने तिला बोकडाचे केस पाठविण्यात आले. हे कळताच बीथोव्हेन संतापला आणि त्याने स्वतःचे केस कापून दिले.

कापलेल्या केसाला मूळ नसते, म्हणून त्यातील डीएनए अत्यल्प आणि तुकड्यातुकड्यांचे असते. पूर्वी त्यावरून फार तर आईकडील वंश कळे. आता ते बारीक तुकडे वाचून जुळविता येतात. तसे जुळविताना अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. बेल्जियममध्ये याच आडनावाचे पाच पुरुष हयात होते. कागदोपत्री त्यांचा व संगीतकाराचा मूळपुरुष एकच, सोळाव्या शतकातला. परंतु बापाकडून मुलाकडे जाणारी खूण जुळेना. सुमारे १५७२ ते १७७० या दोनशे वर्षांत संगीतकाराच्या शाखेत कोणत्यातरी पिढीत मुलाचा जनक नवऱ्याहून निराळा होता. बाप्तिस्म्याच्या वहीत धर्मगुरू बापाचे नाव जे सांगितले जाते तेच लिहितो. पिढी कोणती, हे मात्र केस सांगत नाहीत, आणि म्हणून त्या घरातील कोणा एका स्त्रीकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याउलट अमेरिकेतील लाकोटा लोकांचा पुढारी सिटिंग बुल याचे उदाहरण. १८९० मध्ये तो मारला गेला. त्याची बट वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने २००७ मध्ये कुटुंबाला परत दिली. तीवरून २०२१ मध्ये, आईच्या बाजूने नाते सांगणारा त्याचा पणतू खराच पणतू असल्याचे सिद्ध झाले.

श्रोतेहो, आपल्या घरी अशी बट असेल तर ती धुऊ नये, डिंकाने चिकटवू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. कोरड्या कागदी पाकिटात ठेवावी आणि वर पेन्सिलीने लिहावे: कोणाची, कोणी कापली, केव्हा. माझ्या आईच्या प्रार्थनापुस्तकात कागदाच्या पुडीत एक मऊ, पिंगट बट आहे. पुडीवर तिच्या अक्षरात 'मे महिना' एवढेच आहे. आम्हा भावंडांपैकी कोणाची ती असावी, की आमच्या आधी जन्मून गेलेल्या बाळाची, हे आम्ही आई असताना विचारले नाही.