सह्याद्रीच्या पायथ्याची ऊन पाण्याची कुंडे

गुरुवार हा पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरातील बहुसंख्य कारखान्यांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. हिवाळ्यात या दिवशी पहाटेच अनेक कामगार कुटुंबे घराबाहेर पडतात. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीमार्गे पाली, तेथे अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे दर्शन आणि त्यानंतर जवळच असलेल्या उन्हेरे येथील ऊन पाण्याच्या कुंडात स्नान, असा हा एका दिवसाचा प्रवास ठरून गेला आहे. आठवडाभर यंत्रापुढे उभे राहून आखडलेली पाठ या पाण्यात मोकळी होते, असा अनुभव जाणारे सांगतात.

हा प्रवास एका बाजूने सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. एवढ्या अंतरात निसर्ग केवढा पालटतो पाहा. चाकणच्या विहिरीचे पाणी भर उन्हाळ्यातही थंड लागते; घाट उतरताच मात्र जमिनीतून आपोआप ऊन पाणी वर येते. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या शिक्षकांना उपयुक्त आहेच. शिवाय ही कुंडे ज्या गावांच्या हद्दीत आहेत तेथील पंचायत सदस्यांनाही ते ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण पाणी कोठून येते हे कळल्यावाचून त्याचे रक्षण कसे करावे हे कळत नाही.

नावातच ऊन

आपल्या भाषेने या झऱ्यांची नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे. नैसर्गिक ऊन पाण्याच्या झऱ्याला कोकणात 'उन्हाळे' म्हणतात. रायगड जिल्ह्यातील उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर ही नावे एकत्र ठेवली की त्यांतील समान धागा लक्षात येतो.

राज्यातील बहुतेक ऊन झरे मात्र कोकणातच आहेत. उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकणेर व सातिवली, त्याखाली ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या काठची अकलोली, वज्रेश्वरी व गणेशपुरी, पुढे रायगडमध्ये उन्हेरे आणि महाडजवळील सव, त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. नकाशावर हे बिंदू जोडले तर सह्याद्रीला जवळजवळ समांतर अशी, तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीची दक्षिणोत्तर रेषा तयार होते. ही रेषा योगायोगाने पडलेली नाही.

पाणी तापते कसे

सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा बनलेला असल्याने त्याच्या पोटात अद्याप अग्नी धुमसत असावा आणि त्यामुळे पाणी तापत असावे, असा एक समज आहे. हा समज बरोबर नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला. त्याची मूळ उष्णता केव्हाच निघून गेली आहे आणि महाराष्ट्रात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. पाण्यातील गंधकामुळे पाणी तापते, हा दुसरा समज. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पाणी खोलवर तापते आणि तापलेले असल्यामुळेच वाटेतील खडकांतील क्षार अधिक प्रमाणात विरघळवून आणते. कुंडाजवळ येणारा उग्र वास हा हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो आणि त्याचे अल्प प्रमाणही नाकाला जाणवते.

खरे कारण साधे आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जसजसे खाली जावे तसतसे तापमान वाढत जाते. सर्वसाधारणपणे ही वाढ दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस असते. पावसाचे पाणी खडकांतील भेगांमधून एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही खोल उतरले तर ते आपोआपच तापते. मात्र ते पुन्हा वर येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे त्याला वर ढकलणारा दाब आणि दुसरी म्हणजे वर येण्याची मोकळी वाट.

या दोन्ही गोष्टी सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. डोंगराळ भागात शिरलेले पाणी उंचावर असल्याने त्याचा भार खालच्या पाण्यावर पडतो. शिवाय तापलेले पाणी हलके होऊन वर सरकू पाहते. वाट मिळते ती भूकवचातील जुन्या भेगांतून. प्राचीन काळी भारतीय भूखंड शेजारच्या भूभागापासून विलग होत असताना पश्चिम किनाऱ्याला समांतर असे मोठे भंग निर्माण झाले. आपल्या नकाशावरील झऱ्यांची रेषा याच भंगांच्या दिशेने जाते. पुणे आणि चाकणच्या पठारावर पाऊस पडत असला तरी विहिरींना लागणारे पाणी वरच्या झिजलेल्या व सांधे पडलेल्या कातळात, म्हणजे कमी खोलीवर साठलेले असते. ते खोल जाऊन परतत नाही, म्हणून थंड राहते. उनपदेवचा झराही पठाराच्या मधोमध नसून तापी खोऱ्याच्या भंगपट्ट्याजवळ आहे, ही गोष्ट या स्पष्टीकरणाला पुष्टी देते.

सारांश, कुंडातील ऊन पाणी हे कोणत्याही अक्षय भांडारातून येत नाही. ते पावसाचेच पाणी होय. दीर्घ प्रवास करून, ठरावीक भेगांच्या वाटेने, मर्यादित प्रमाणात ते आपल्यापर्यंत पोहोचते.

प्रत्येक कुंड निराळे

कोकणातील सर्व कुंडे सारखीच ऊन नाहीत, ही बाब प्रवाशांनी विशेष ध्यानात घ्यावी. उन्हेरे, आरवली व राजापूर येथील पाणी साधारण चाळीस अंशांच्या आसपास असते. गणेशपुरी-अकलोली परिसरात काही झरे पन्नास अंशांच्या पुढे जातात. तुरळ येथे तापमान साठ अंशांच्या घरात असून उन्हवरे येथे ते सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे कोकणात सर्वाधिक आहे. हिमाचल प्रदेशातील मणिकर्ण येथे तर पाणी इतके कढत असते की फडक्यात बांधलेले तांदूळ त्यात शिजवतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात देशातील सुमारे ३४० ऊन झऱ्यांची नोंद आहे. या उष्णतेपासून वीज मिळविण्याचे प्रयत्नही होत आहेत. लडाखमधील पुगा येथे अशा प्रकल्पासाठी २०२१ साली करार झाला. कोकणातील झऱ्यांचे पाणी त्या मानाने सौम्य आहे. स्नान आणि पर्यटन हाच आज त्याचा मुख्य उपयोग होय.

गुण किती, जपावे किती

ऊन पाण्यात बसल्याने स्नायू सैलावतात, सांध्यांचा ताठरपणा तात्पुरता कमी होतो आणि झोप चांगली लागते. श्रमिकांच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. तथापि, या पाण्याने सर्व त्वचारोग बरे होतात, या समजुतीवर विसंबून वैद्यकीय उपचार थांबविणे घातक आहे. विशेषतः कुष्ठरोगावर शासकीय दवाखान्यांत विनामूल्य आणि खात्रीचा औषधोपचार उपलब्ध असताना केवळ कुंडस्नानावर वेळ दवडल्यास कायमचे व्यंग येऊ शकते. श्रद्धेने स्नान अवश्य करावे, परंतु औषध सोडू नये.

स्नानाच्या बाबतीत पुढील पथ्ये पाळणे हिताचे आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी हाताचे कोपर बुडवून उष्णतेचा अंदाज घ्यावा. साठ अंशांचे पाणी अवघ्या काही सेकंदांत त्वचा भाजते आणि सत्तर अंशांना तेवढाही अवधी मिळत नाही. म्हणून अशा ठिकाणी मूळ झऱ्यात न उतरता पाणी निववूनच वापरावे. चाळीस अंशांच्या पाण्यातही दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब उतरतो. त्यामुळे एकदम उठल्यास भोवळ येते. हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरू नये. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे मंदावली आहे त्यांना तर चटका बसल्याचेही कळत नाही. मद्यपान करून कुंडात उतरणे म्हणजे संकटाला निमंत्रण होय.

आणखी एक सूचना आवश्यक आहे. कोमट व ऊन गोड्या पाण्यात एक प्रकारचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास होणारा आजार अत्यंत दुर्मीळ, परंतु बहुधा प्राणघातक असतो. केरळमध्ये २०२४ व २०२५ साली अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. पाणी प्याल्याने हा आजार होत नाही, तो नाकातून होतो. यास्तव कुंडात डोके बुडवू नये, उडी मारू नये आणि लहान मुलांना नाकात पाणी जाईल असे खेळू देऊ नये.

रात्रपाळी संपवून तसेच घाट उतरायला निघणे हाही एक धोका आहे. कुंडस्नानानंतर अंगाला सुस्ती येते आणि परतीचा घाट त्याच अवस्थेत चढावा लागतो. वाहन चालविणाऱ्याने आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. पावसाळ्यात नदीकाठची कुंडे पुरात सापडतात. त्या दिवसांत जाणे टाळावे.

गावाच्या हाती असलेले काम

कुंडाचे भवितव्य बरेचसे गावाच्या हाती आहे. मूळ झरा आणि स्नानाची जागा वेगळी असणे, ही पहिली गरज. झऱ्याचे पाणी प्रथम झाकलेल्या टाकीत, तेथून स्नानाच्या कुंडात आणि अखेर गटारावाटे दूर, अशी रचना असली म्हणजे पाणी वाहते राहते. कुंडात साबण, कपडे धुणे, निर्माल्य आणि प्लॅस्टिक यांना सक्त मनाई असावी. स्त्रियांसाठी स्वतंत्र व आडोशाची जागा, स्वच्छतागृह आणि पाण्याचे तापमान दर्शविणारा फलक या सोयी फार खर्चिक नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. झरा ज्या भेगेतून येतो तिच्या आसपास सुरुंग लावणे, खोल विंधनविहीर घेणे किंवा झऱ्याच्या मुखावर काँक्रीट ओतणे यांमुळे पाण्याची वाट बदलू शकते. एकदा वाट बदलली की झरा पुन्हा त्याच जागी आणणे माणसाच्या हाती राहत नाही. असे कोणतेही काम काढण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

या कामी शाळेचे साहाय्य मोलाचे ठरेल. एक तापमापी, एक बादली आणि एक घड्याळ एवढे साहित्य पुरे. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, झऱ्याचे तापमान किती आणि बादली भरण्यास किती सेकंद लागले, याची नोंद विद्यार्थ्यांनी वहीत करावी. दोन-तीन वर्षांत पावसाळा आणि उन्हाळा यांतील फरक स्वच्छ दिसू लागेल. पुढे कधी पाणी घटले वा निवले तर ते प्रथम या वहीतच उमटेल आणि ग्रामसभेपुढे बोलताना अनुमानाऐवजी आकडे हाती असतील.

पिंपरी-चिंचवडहून येणारे कुटुंब कुंडावर तासभर थांबते आणि निघून जाते. झरा मात्र गावाचा असतो. आलेल्या पाहुण्याने पाणी स्वच्छ ठेवून परतावे आणि गावाने पाण्याची वाट मोकळी ठेवावी. एवढे दोघांनी सांभाळले, तर डोंगरात मुरलेला पाऊस असाच ऊन होऊन पायथ्याशी परतत राहील.