खिडकीतले लिंबू

कवठे महांकाळच्या डाळिंब बागायतदाराला ‘ताण’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पाणी तोडायचे, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी सोडून बहार धरायचा. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी या दुष्काळी तालुक्यात आणले. पण पाणी कधी द्यायचे नाही, हे ज्ञान त्याहून जुने. घरातल्या कुंडीतल्या लिंबाला मात्र रोज तांब्याभर पाणी मिळते आणि पाने पिवळी पडली की आणखी एक.

घरातली लिंबे बहुधा अशा लाडानेच मरतात. लिंबाच्या मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. कुंडीत नुसती काळी माती भरली तर ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. थोडी माती, चाळलेले शेणखत आणि वाळू किंवा बारीक मुरूम, कुंडीच्या तळाला मोकळे भोक, आणि बोट दोन पेरे खुपसून कोरडे लागले तरच पाणी, एवढे पथ्य पुरते. शेतातला कडक ताण मात्र कुंडीला देऊ नये. तिथे मुळांना खोल जायला जागाच नसते.

दुसरी गरज उन्हाची. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 दरम्यान संत्रा-लिंबांसाठी दक्षिणेकडे तोंड केलेले मोठे दालन बांधले गेले. लाकडी पेट्यांतली झाडे थंडीत आत आणि उन्हाळ्यात बाहेर. आपल्याकडे थंडीची तशी धास्ती नाही. पण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी लिंबू फुलत नाही. पाच-सहा तास थेट ऊन येईल अशी खिडकी किंवा गॅलरीच त्याची जागा.

कागदी लिंबाच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे उगवतात आणि त्यांतली बरीचशी आईसारखीच निघतात. फळासाठी मात्र काही वर्षे वाट पाहावी लागते. घाई असेल त्याने गुटी कलम आणावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’ आणि ‘फुले शरबती’ या जाती राज्यात परिचित आहेत.

गॅलरीतल्या कोवळ्या पालवीवर एखाद्या सकाळी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे दिसते. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावताच डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. चार-पाच अळ्या छोटे झाड बोडके करू शकतात. फवारणीची गरज नाही. हाताने वेचून दूर सोडल्या की पुरे. घरात मुले असतील तर एखादी अळी बरणीत ठेवावी, रोज ताजी पाने घालावीत. कोष होतो, आणि एका सकाळी त्यातून काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू बाहेर येते.